दगडात उतरलेले आकाश : सवाई जयसिंह

राजा म्हणून इतिहासाने ज्यांची नोंद घेतली आणि गणक म्हणून शास्त्रालाही ज्यांची नोंद घ्यावी लागली, अशी माणसे कोणत्याही देशात विरळाच असतात. आमेरचे कछवाहा नरेश आणि जयपूर नगरीचे संस्थापक महाराजा सवाई जयसिंह दुसरे हे त्या विरळ मालिकेतील एक ठळक नाव होय. गुलाबी नगरी पाहावयास जाणारा प्रवासी हवामहालाच्या जाळीदार गवाक्षांनी मोहून जातो. परंतु ती वास्तू जयसिंहांच्या निधनानंतर सुमारे अर्धशतकाने उभी राहिली. त्यांची स्वतःची खरी मुद्रा उमटली आहे ती राजवाड्याला लागून असलेल्या जंतरमंतरावर. तेथील प्रचंड दगडी यंत्रे का उभी राहिली, हा प्रश्न वरवर स्थापत्याचा वाटतो. वस्तुतः तो पदार्थविज्ञानाचा प्रश्न आहे: दोन पृष्ठभाग जेथे एकमेकांना भिडतात तेथे काय घडते, हा.

जयसिंहांचा जन्म ३ नोव्हेंबर १६८८ रोजी आमेर येथे झाला. वडील बिशनसिंह यांच्या निधनानंतर, वयाची बारा वर्षेही पूर्ण झाली नसताना, त्यांच्या मस्तकी राज्याचा भार आला. तो काळ औरंगजेबाच्या दक्षिण मोहिमेचा होता. मोगल दरबाराच्या मनसबदारांना दक्षिणेत हजर होणे भाग होते, आणि या बालराजालाही आपल्या फौजेसह सह्याद्रीच्या रांगांत यावे लागले. खेळणा, म्हणजेच आपला विशाळगड, याला मोगलांनी घातलेल्या वेढ्यात १७०२ साली कछवाहा सैन्याने भाग घेतला, तेव्हा जयसिंहांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते. ज्या वयात मुले भूमितीचे पहिले सिद्धान्त गिरवतात, त्या वयात हा मुलगा कोकणच्या पावसात तटबंदीखाली उभा होता. समवयस्कांहून सव्वापट श्रेष्ठ, असा अर्थ सूचित करणारी सवाई ही पदवी त्यांच्या नावामागे कायमची लागली आणि त्यांच्या वंशजांनीही ती धारण केली.

पुढील चाळीस वर्षे राजकारणाने त्यांना स्वस्थता दिली नाही. १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर झालेल्या वारसायुद्धात त्यांनी ज्याची बाजू घेतली तो पक्ष हरला. विजयी बहादूरशहाने आमेर ताब्यात घेतले आणि जयसिंहांना आपले राज्य पुन्हा मिळवावे लागले. १७२० मध्ये मुहम्मदशहाकडून जिझिया कर रद्द करवून घेण्यात त्यांचा मोठा वाटा होता. माळव्याची सुभेदारी त्यांच्याकडे तीनदा आली, आणि माळवा म्हणजे मराठ्यांच्या उत्तरेकडील वाटचालीचे दारच होते. १७३३ साली मंदसोरजवळ होळकर आणि शिंदे यांच्या फौजांपुढे त्यांना माघार घ्यावी लागली. तरीही वैर हाच त्यांच्या आणि मराठ्यांच्या संबंधांचा एकमेव सूर नव्हता. थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये उत्तरेच्या तीर्थयात्रेस निघाल्या, तेव्हा जयपुरात त्यांचा मोठा आदरसत्कार झाला. आणि पुढील वर्षी स्वतः बाजीराव व जयसिंह यांची भेट झाली.

या धकाधकीत जयसिंहांचे मन ज्या एका विषयात गुंतून राहिले तो विषय म्हणजे ज्योतिर्गणित. तत्कालीन पंचांगे आणि कोष्टके यांनी वर्तविलेल्या ग्रहस्थिती प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाहीत, ग्रहणांच्या वेळा चुकतात, ही गोष्ट त्यांना अस्वस्थ करीत होती. सण, मुहूर्त, शेतीचे हंगाम आणि प्रवास हे सारे ज्या गणितावर अवलंबून, ते गणितच शिथिल असावे हे त्यांना मान्य नव्हते. पंधराव्या शतकात समरकंदच्या उलुगबेगाने मोठी वेधशाळा उभारून जे काम केले होते, ते त्यांच्यापुढे आदर्शवत होते. त्यांनी हिंदू, इस्लामी आणि युरोपीय अशा तिन्ही परंपरांचे ग्रंथ जमविले आणि त्यांचे जाणकार पदरी बाळगले.

या जाणकारांत अग्रस्थानी होते महाराष्ट्रीय पंडित जगन्नाथ सम्राट. संस्कृताबरोबरच अरबी आणि फारसी या भाषांवरही त्यांनी प्रभुत्व मिळविले. युक्लिडची भूमिती अरबी संस्करणावरून त्यांनी संस्कृतात आणली. तो ग्रंथ म्हणजे रेखागणित. टॉलेमीचा अल्माजेस्ट हा महाग्रंथही त्यांनी अरबीतूनच सिद्धान्तसम्राट या नावाने संस्कृतात उतरविला. ग्रीसमध्ये जन्मलेले, बगदाद आणि मरागा येथील विद्वानांनी जतन केलेले ज्ञान एका मराठी पंडिताच्या लेखणीतून राजपुतान्यात पोहोचले, ही घटना आपल्या विद्याव्यवहाराच्या इतिहासात अभिमानाने सांगावी अशी आहे.

वेध घेण्यासाठी जयसिंहांनी आरंभी इस्लामी परंपरेला अनुसरून पितळी यंत्रे तयार करविली. तेव्हाची सर्वोत्तम यंत्रे धातूचीच असत. परंतु काही काळाच्या अनुभवानंतर त्यांचा या यंत्रांवरील विश्वास उडाला. का उडाला, याची कारणे त्यांनी मुहम्मदशहाला अर्पण केलेल्या झिज-इ-मुहम्मदशाही या कोष्टकग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद केली आहेत, आणि ती एखाद्या अनुभवी यंत्रज्ञाला शोभावी अशी आहेत. यंत्रे आकाराने लहान असल्याने त्यांच्यावर कलांचे विभाग पाडता येत नाहीत. आस डळमळतात आणि झिजतात. वर्तुळांचे केंद्र जागचे सरकते. यंत्राची पातळी ढळते. हिप्पार्कस आणि टॉलेमी यांच्यासारख्या प्राचीनांचे वेध चुकले ते याच कारणांनी असावेत, असे अनुमानही त्यांनी काढले.

या तक्रारींत किती तथ्य होते, हे थोड्या आकडेमोडीने स्पष्ट होते. एका अंशात ६० कला असतात. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर एका कलेची लांबी ०.२९ मिलिमीटर भरते. म्हणजे आस आणि त्याचे छिद्र यांत झिजेमुळे नखाच्या जाडीएवढी फट पडली, तरी वेधात एका कलेची चूक शिरते. पूर्ण एक मिलिमीटर फट पडली तर ती चूक तीन कलांच्या पुढे जाते. दररोज फिरविले जाणारे जड पितळी चक्र आपल्या आसाला सतत घासत असते. वरून गुळगुळीत दिसणारे दोन धातू प्रत्यक्षात मात्र सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांवरच एकमेकांना टेकलेले असतात. सारा भार त्या थोड्या बिंदूंवर येतो, म्हणून तेच प्रथम चुरडतात. झीज ती हीच.

स्पर्शाचे हे तोकडे स्वरूप उष्णतेच्या वहनालाही लागू पडते. जयसिंहांनी दिलेल्या कारणांत उष्णतेचा उल्लेख नाही; पण जयपूरच्या उन्हात तिला यंत्रापासून दूर ठेवणे कोणालाच शक्य नव्हते. दोन धातू एकमेकांवर दाबून ठेवले तरी त्यांचा खरा स्पर्श दृश्य क्षेत्रफळाच्या अगदी अल्प अंशावरच होतो. उरलेल्या फटींत हवा कोंडलेली असते, आणि पितळ हे हवेपेक्षा हजारो पटींनी अधिक उष्णतावाहक आहे. साहजिकच एका धातूतून दुसऱ्यात जाऊ पाहणारी उष्णता त्या मोजक्या स्पर्शबिंदूंपाशी गर्दी करते, अडखळते, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या तापमानांत तफावत राहते. या अडथळ्याला आज औष्णिक स्पर्शरोध म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरात तो रोजच दिसतो. तव्यावरच्या पोळीला जेथे तवा नेमका टेकतो तेथेच प्रथम डाग पडतात, आणि जाणती गृहिणी फडक्याने पोळीच्या कडा दाबते ती स्पर्श वाढविण्यासाठीच. संगणकातील तापणारा भाग आणि त्याला थंड ठेवणारा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये विशिष्ट लेप भरतात, तोही फटींतील हवा हुसकावून लावण्यासाठीच.

आता उन्हात टांगलेल्या मोठ्या पितळी वर्तुळाचा विचार करावा. जयपूरच्या वेधशाळेतील उन्नतांश यंत्र पाच मीटरहून अधिक व्यासाचे आहे. पितळेची एक मीटर लांबी दर अंश सेल्सियसला ०.०१९ मिलिमीटरने वाढते. संपूर्ण वर्तुळ सारखेच तापले, तर त्याचा व्यास वाढेल पण कोन बिघडणार नाहीत. परंतु ऊन एका अंगाने लागते. दुसरे अंग सावलीत असते आणि सांध्यांतून उष्णता पुरेशी पुढे सरकत नाही. दोन अंगांत दहा अंशांचाच फरक पडला, तरी पाच मीटरच्या लांबीत एक मिलिमीटरच्या आसपास तफावत येते. आणि एवढ्या वर्तुळावर एक कला तर एका मिलिमीटरपेक्षाही लहान असते. थोडक्यात, पितळी यंत्र लहान केले तर आसाची झीज घात करते आणि मोठे केले तर वजन, वाक आणि ऊन घात करतात. ज्योतिष्याला या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट धातूत सापडणे कठीण होते.

धातूचे हे गुण जयसिंहांना परके नव्हते. जयगडावर त्यांच्याच काळात, १७२० साली, जयवाण ही अजस्र तोफ ओतली गेली. तिची नळी वीस फुटांहून अधिक लांब आहे. तेथील तोफखान्याच्या कारखान्यात भट्टी होती आणि तोफेची नळी आतून कोरण्यासाठी बैलांच्या जोरावर फिरणारे यंत्रही होते. अशा कोरण्याच्या कामातूनच पुढे एका मोठ्या सिद्धान्ताला आधार मिळाला. जर्मनीतील म्यूनिच येथे काउंट रम्फर्ड यांनी बोथट पात्याने तोफ कोरीत असता भोवतालचे पाणी सुमारे अडीच तासांत उकळल्याचे दाखविले आणि १७९८ मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध केला. उष्णता ही धातूत साठविलेली एखादी वस्तू नसून घर्षणाच्या गतीतून निर्माण होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. जयगडाच्या कारागिरांच्या हातांना तापलेल्या पात्याची धग निश्चितच ठाऊक असणार. त्या धगीला सिद्धान्ताचे रूप मिळण्यासाठी मात्र आणखी काही पिढ्या जाव्या लागल्या.

जयसिंहांनी काढलेली वाट धाडसी होती. त्यांनी यंत्राचे फिरणारे भागच काढून टाकले. दगड आणि चुना यांनी बांधलेली, जमिनीत घट्ट रोवलेली, इमारतीएवढी यंत्रे त्यांनी योजली. सम्राट यंत्र, जयप्रकाश आणि राम यंत्र ही त्यांतील प्रमुख होत. १७२४ साली दिल्लीत पहिली वेधशाळा उभी राहिली. पुढे जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा येथेही वेधशाळा झाल्या, कारण एका ठिकाणचा वेध दुसऱ्या ठिकाणच्या वेधाने पडताळून पाहावा, ही शिस्त त्यांना हवी होती. १८ नोव्हेंबर १७२७ रोजी जयपूर नगरीची पायाभरणी झाली. विद्याधर भट्टाचार्य यांच्या साहाय्याने चौकटीत आखलेल्या या नगरीतील वेधशाळा पाचांमध्ये सर्वांत मोठी ठरली.

जयपूरच्या सम्राट यंत्राची तिरपी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे. म्हणजे क्षितिजाशी तिचा कोन जयपूरच्या अक्षांशाएवढा, सुमारे २७ अंशांचा आहे. तिच्या दोन्ही बाजूंना सुमारे १५ मीटर त्रिज्येचे वर्तुळपाद आहेत. त्यांवर एक कला चार मिलिमीटरहून अधिक लांब भरते आणि भिंतीची सावली दर सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकताना उघड्या डोळ्यांना दिसते. या यंत्रात हलते ती केवळ सावली. सावलीला वजन नाही, म्हणून आस नाही आणि झीजही नाही. उष्णतेच्या दृष्टीनेही हा निर्णय हितकारक ठरला. दगड हा उष्णतेचा मंद वाहक. दिवसभराच्या उन्हाचा चढउतार जाड बांधकामात हातभर खोल जाईपर्यंत जवळजवळ विरून जातो, आणि आतला गाभा दिवसरात्र स्थिर राहतो. दगडांमधल्या फटी चुन्याने भरलेल्या असल्याने सांध्यांत पोकळीही उरत नाही.

या उपायाला मर्यादा नव्हत्या असे नाही. सूर्य हा बिंदू नसून बिंब आहे. त्यामुळे एवढ्या मोठ्या यंत्रावर सावलीची कड तीक्ष्ण न राहता कित्येक सेंटिमीटर रुंद अशी पुसट होते, आणि दोन सेकंदांपर्यंतच्या खुणा असूनही तितका अचूक वेध सहजी मिळत नाही. दगडी यंत्र आपली जागा सोडून हव्या त्या दिशेला वळविता येत नाही. म्हणूनच जयसिंहांनी धातूलाही सर्वस्वी रजा दिली नाही. जयपूरच्या अंगणात उन्नतांश यंत्र, चक्रयंत्र आणि भव्य यंत्रराज ही धातूची यंत्रे दगडी यंत्रांच्या शेजारीच आहेत. दुसरी मर्यादा अधिक गंभीर होती. त्याच काळात युरोपात कोनमापक यंत्रांना दुर्बीण जोडली गेली होती. जयसिंहांना दुर्बीण ठाऊक होती, पण वेधयंत्राचे अंग म्हणून तिचा वापर त्यांच्या वेधशाळांत रुजला नाही.

ही उणीव जिज्ञासेच्या अभावाने राहिली, असे म्हणता येणार नाही. पोर्तुगीज पाद्री मान्युएल द फिगेरेदो यांच्यासमवेत त्यांनी लिस्बनला शिष्टमंडळ पाठविले आणि तेथून फ्रेंच ज्योतिषी द ला हीर यांची कोष्टके आणविली. ती हाती येताच त्यांनी ती आकाशाशी ताडून पाहिली. चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक आढळली, तेव्हा ती त्यांनी स्पष्टपणे नोंदवली. पुढे चंद्रनगरहून दोन फ्रेंच जेझुइट विद्वानांनाही जयपुरास बोलाविले. परंतु केप्लर आणि न्यूटन यांची नवी दृष्टी मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. दोन संस्कृती एकमेकींना भिडल्या होत्या खऱ्या, पण त्यांचा स्पर्श मोजक्या व्यक्तींपुरताच होता. आणि जे त्या व्यक्तींपाशी नव्हते, ते पलीकडेच राहिले. जेथे जगन्नाथ पंडितांसारखा दुभाषी मध्ये उभा होता, तेथे अख्खे ग्रंथ पार झाले. जेथे तसा कोणी नव्हता, तेथे कोष्टके आली, पण त्यांमागचे शास्त्र आले नाही.

२१ सप्टेंबर १७४३ रोजी सवाई जयसिंहांचे निधन झाले. मागोमाग ईश्वरीसिंह आणि माधोसिंह या पुत्रांमध्ये गादीसाठी संघर्ष पेटला, मराठे त्यात ओढले गेले, आणि वेधशाळांकडे पाहण्यास कोणाला सवड उरली नाही. मथुरेची वेधशाळा कालांतराने नामशेष झाली. दगड टिकले, पण त्यांवर बसून रात्रंदिवस वेध घेणारी माणसे घडविण्याची परंपरा टिकली नाही. यंत्र स्थिर करण्याचे शास्त्र जयसिंहांना साधले. शिष्यांची अखंड मालिका उभी करण्यास मात्र काळाने त्यांना अवसर दिला नाही.

तरीही त्यांचे कार्य पूर्णतः मावळले नाही. १९०१-०२ मध्ये लेफ्टनंट गॅरेट यांच्या देखरेखीखाली जयपूरच्या यंत्रांचा जीर्णोद्धार झाला. त्या कामात त्यांना साहाय्य करणारे तरुण पंडित चंद्रधर शर्मा गुलेरी पुढे हिंदी कथाकार म्हणून विख्यात झाले. ज्या शिंद्यांच्या पूर्वजांशी जयसिंह लढले होते, त्याच घराण्यातील ग्वाल्हेरनरेश माधवराव शिंदे यांनी १९२३ च्या सुमारास उज्जैनच्या वेधशाळेला नवजीवन दिले, आणि तिची धुरा गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांनी सांभाळली. २०१० साली जयपूरच्या जंतरमंतराचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

सवाई जयसिंहांच्या चरित्रातून विद्यार्थ्याने उचलावी अशी गोष्ट त्यांच्या यंत्रांच्या उंचीत नाही. ती आहे त्यांच्या त्या छोट्याशा यादीत: आस झिजतो, केंद्र सरकते, पातळी ढळते. गणित आणि आकाश जुळेना, तेव्हा त्यांनी आकाशाला दोष दिला नाही, प्राचीनांच्या नावाची ढाल पुढे केली नाही, की आपल्याच खर्चाने घडविलेल्या पितळी यंत्रांचा मोह धरला नाही. चूक कोठे शिरते हे त्यांनी सांध्यापाशी जाऊन पाहिले आणि तो सांधाच नाहीसा केला. राजवैभवाच्या शिखरावर असतानाही छिद्र आणि आस यांमधील केसाएवढ्या फटीकडे लक्ष देणारी ही दृष्टी म्हणजेच शास्त्रबुद्धी होय.